काट्याचा आकडा आणि खरे वजन

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. कल्याणच्या बाजारात एक भगिनी जुनी बांगडी मोडून नवी करण्यासाठी एका छोट्या सराफी दुकानात आली. तेथील इलेक्ट्रॉनिक काट्यावर बांगडी २३.३९० ग्रॅम भरली. तिने मात्र येताना वाटेवरच्या दुसऱ्या दुकानात तीच बांगडी तोलून घेतली होती आणि तेथे ती २३.४७० भरली होती. फरक ८० मिलीग्रॅमचा, म्हणजे चिमटीतही न येणारा. पण २०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेला, त्या हिशेबाने हा फरक आठशे रुपयांच्या वर जातो. शब्दाला शब्द वाढला. दुकानदार सचोटीचा माणूस. "काट्यावर सरकारी शिक्का आहे, माझ्यावर आळ घेऊ नका" असे तो म्हणत राहिला. आम्ही योगायोगाने तेथे होतो. शेवटी त्यानेच कपाटातून २० ग्रॅमचे प्रमाणित वजन काढून पारड्यावर ठेवले. आकडा आला १९.९३२. पारडे उचलून पाहिले तर खाली पावतीचा घडी घातलेला कपटा अडकला होता. पारड्यावरच्या भाराचा थोडा हिस्सा तो कपटा परस्पर उचलत होता. कपटा काढला, काटा शून्यावर आणला, बांगडी पुन्हा ठेवली, वजन २३.४७० भरले.

दुकानदाराने माफी मागितली आणि व्यवहार पुरा झाला. आमच्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. तो कपटा किती दिवस तेथे होता? त्या दिवसांत किती जणांचे जुने सोने कमी भरले आणि किती जणांना नवे सोने आकड्यापेक्षा जास्त गेले? काटा बिघडला की तो गिऱ्हाईकालाच बुडवतो असे नाही. कमी दाखवणारा काटा खरेदीत गिऱ्हाईकाला बुडवतो आणि विक्रीत दुकानदाराला.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना दिलेला इशारा आपल्या व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. हजरत शुऐब (अ.) यांच्या कौमेची हकीकतही वजनमापाचीच आहे. पण हा इशारा लबाडांसाठी, आपण तर प्रामाणिक, असे समजून आपण निश्चिंत होतो. आमच्या पाहण्यात लबाडीने कमी तोलणारे थोडे आणि काट्याकडे लक्ष न दिल्यामुळे चुकीचे तोलणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईकाचे नुकसान दोन्हीकडे सारखेच होते.

जुन्या तराजूत दोन पारडी असत आणि चूक डोळ्यांना दिसे. दांडी वाकली, साखळी अडकली, वजन झिजले, तरी जाणत्या गिऱ्हाईकाच्या ते ध्यानात येई. शिवाय झुकते माप देण्याची सोय होती. तोलताना पारडे थोडे झुकते ठेवावे ही तर आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण. इलेक्ट्रॉनिक काटा झुकत नाही, तो आकडा दाखवतो, आणि लाल दिव्यांत उमटलेल्या आकड्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो.

या काट्याच्या आत असते काय? बहुतेक दुकानी काट्यांत अॅल्युमिनियमचा एक छोटा ठोकळा असतो, त्याला लोडसेल म्हणतात. पारड्यावर भार पडला की हा ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर अतिशय पातळ धातूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. ठोकळा वाकला की त्या ताणल्या जातात आणि त्यांतून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध किंचित बदलतो. तो बदल मोजून काटा ग्रॅमचा आकडा लिहितो. जास्त किमतीच्या काट्यांत ठोकळ्याऐवजी विद्युतचुंबक भाराला वर तोलून धरतो आणि त्यासाठी किती वीज लागली यावरून वजन कळते. दोन्ही प्रकारांत काटा प्रत्यक्ष मोजतो ते पदार्थाने खाली दिलेला दाब. त्यामुळे पारड्यावर दाब देणारी किंवा दाब उचलून धरणारी कोणतीही गोष्ट वजनात जमा किंवा वजा होते. पंख्याची हवा, अडकलेला कागद, वायरचा वेढा, सांडलेले अत्तर, कोणाचे कोपर, सारे त्यात आले.

आता आकड्यांविषयी. काट्याच्या पाटीवर कमाल वजन, किमान वजन आणि 'ई' व 'डी' अशा दोन अक्षरांपुढे काही आकडे छापलेले असतात. शेजारी रोमन अंकात काट्याचा वर्ग असतो. ही पाटी फार थोडे दुकानदार वाचतात. 'डी' म्हणजे काटा दाखवतो तो सर्वांत लहान टप्पा. 'ई' म्हणजे पडताळणीसाठी धरलेला टप्पा. सराफी दुकानांतील दुसऱ्या वर्गाच्या काट्यांवर पुष्कळदा 'डी' एक मिलीग्रॅम आणि 'ई' दहा मिलीग्रॅम असते. अशा २०० ग्रॅमच्या काट्याला पडताळणीच्या वेळी ५० ग्रॅमपर्यंत ५ मिलीग्रॅमची आणि त्यापुढे १० मिलीग्रॅमची चूक माफ असते. वापरात असताना याच्या दुप्पट चालते. म्हणजे तीन दशांश स्थळे दिसली म्हणून तिसरे स्थळ खरेच असेल असे नाही. याच काट्याचे किमान वजनही पाटीवर पाहून ठेवावे. त्याखालची वस्तू, उदाहरणार्थ नथीतला एखादा मणी, त्यावर तोलू नये.

किराणा दुकानात ही चूक रोज होते. ३० किलोच्या काट्याचे 'ई' ५ ग्रॅम असेल तर त्याचे किमान वजन १०० ग्रॅम ठरते. त्यावर ५० ग्रॅम वेलदोडे किंवा २५ ग्रॅम लवंग तोलणे म्हणजे अंदाजाने देणे. वेलदोड्याचा भाव पाहता मसाल्याचा धंदा करणाऱ्याने लहान काटा वेगळा ठेवणे परवडते.

काट्याची जागा हा आमच्या मते सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि कल्याणसारख्या गावात तर विशेष. हे रेल्वेचे मोठे जंक्शन. स्टेशनजवळच्या दुकानात गाडी गेली की काट्याचा शेवटचा आकडा नाचतो. रस्त्यावरून ट्रक गेला, शेजारी फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, तरी तेच. पुष्कळ दुकानदार काटा काचेच्या काउंटरवर ठेवतात, कारण गिऱ्हाईकाला आकडा दिसला पाहिजे. हेतू चांगला आहे, पण काच लवते. गिऱ्हाईकाने कोपर टेकले की काटा किंचित कलतो आणि कललेला काटा कमी वजन दाखवतो. भिंतीत लोखंडी कंस बसवून त्यावर कडाप्प्याची जाड लादी ठेवावी आणि काटा त्यावर, आकडा गिऱ्हाईकाकडे करून ठेवावा. कडाप्पा जड असतो, तो कंप गिळतो. काट्याच्या अंगावर एक छोटा बुडबुडा असतो. पायांचे स्क्रू फिरवून तो वर्तुळाच्या मध्यावर आणावा. साफसफाई करताना काटा हलला की बुडबुडा पुन्हा पाहावा. ज्या काट्याला बुडबुडाच नाही तो सराफी कामाला घेऊ नये.

मे महिन्यात पंखा बंद ठेवा असे सांगणे सोपे, पाळणे कठीण. त्यापेक्षा पारड्याभोवती काचेची पेटी असलेला काटा घ्यावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत तिचे दार लावून ठेवावे. वातानुकूलित यंत्राचा झोत थेट काट्यावर नसावा. काटा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला तर लगेच वापरू नये. लोडसेलवर तापमानाचा परिणाम होतो, म्हणून दुकान उघडताच काटा सुरू करावा आणि अर्ध्या तासाने पहिले वजन करावे. बोहनीच्या घाईत हे राहून जाते. आटवलेले गरम सोने तर कधीच तोलू नये. गरम वस्तूभोवतीची हवा वर चढते, पारडे हलके होते आणि वजन कमी दिसते. वातानुकूलित दुकानातील कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पिशवीवर वीज साठते आणि तीही आकडा भरकटवते. अशा दुकानात माल धातूच्या छोट्या ताटलीत तोलावा. मोबाइल फोन काट्याला चिकटून ठेवू नये.

पावसाळ्याचे वेगळेच. खाडी आणि उल्हास नदी जवळ असल्याने येथली हवा चार महिने ओलसर असते. पितळी पारड्यावर डाग पडतात आणि आतल्या जोडण्यांवर गंज चढतो. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणच्या सखल भागातील अनेक दुकानांत पाणी शिरले होते. पाण्यात भिजलेला काटा पंख्याखाली वाळवला की आकडे दाखवू लागतो, म्हणून तो बरा झाला असे समजू नये. पट्ट्यांच्या चिकटणीत ओल शिरली असेल तर तो तास-दोन तासांनी हळूहळू सरकू लागतो. असा काटा परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घेतल्याशिवाय धंद्यात आणू नये.

अलीकडे खिशात मावणारे स्वस्त काटे घरपोच मिळतात. अत्तरवाले, केशरवाले, सौंदर्यप्रसाधने घरी बनवणाऱ्या भगिनी ते घेतात. या काट्यांवर एकक बदलण्याचे बटण असते आणि तेथे हमखास गोंधळ होतो. इंग्रजी 'जी' म्हणजे ग्रॅम. पण 'जी एन' म्हणजे ग्रेन, आणि एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४३ ग्रेन बसतात. 'सी टी' म्हणजे कॅरट, म्हणजे ०.२ ग्रॅम. 'टी एल' पाहून काहींना तोळा वाटतो, पण ते ताएल नावाचे चिनी माप असते आणि ते तोळ्याच्या तिपटीहून मोठे आहे. बटण चुकून दाबले गेले तर आकडा भलताच येतो.

ग्रेन हे माप या काट्यांत कशाला, असे आम्हाला एकाने विचारले. त्याचे उत्तर बंदुकीच्या दारूत आहे. परदेशात नेमबाजीचे शौकीन रिकामी काडतुसे पुन्हा भरतात आणि त्यातली दारू ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेनच्या दहाव्या भागाचा, म्हणजे साडेसहा मिलीग्रॅमचा हिशेब ते ठेवतात, कारण दारू जास्त झाली तर बंदूक हातात फुटू शकते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे. हे काम खडकीसारख्या दारूगोळा कारखान्यांचे. पण या नेमबाजांना डिजिटल काट्याची एक खोड चांगली ठाऊक असते आणि ती आपल्या केशरवाल्यांनाही कळली पाहिजे.

खोड अशी. काटा शून्यापासून किंचित सरकला तर तो आपोआप शून्यावर यावा अशी सोय आत केलेली असते. धूळ बसली, हवा लागली तर आकडा भरकटू नये हा हेतू. आता रिकामी डबी ठेवून तुम्ही काटा शून्य केला आणि केशराच्या काड्या एक एक करून टाकू लागलात, तर काटा त्या हळू वाढीला सरकणे समजतो आणि परत शून्य करतो. पाच-सहा काड्या डबीत, तरी आकडा शून्यच! केशरात हे नुकसान दुकानदाराचे, पण अत्तराच्या मिश्रणात थेंब थेंब टाकताना असे झाले तर सारे प्रमाण बिघडते. उपाय सोपा आहे. डबीचे वजन शून्य न करता कागदावर लिहून ठेवावे आणि शेवटी वजा करावे. किंवा माल बाहेर डबीत भरून, मग डबी एकदम पारड्यावर ठेवावी. माल टाकून झाल्यावर डबी एकदा उचलून पुन्हा ठेवली आणि आकडा बदलला, तर पहिला आकडा खोटा होता.

रोजची तपासणी पाच मिनिटांत होते. त्यासाठी काट्याबरोबर दोन प्रमाणित वजने हवीत, एक लहान आणि एक काट्याच्या कमाल वजनाच्या जवळचे. वजने घेताना त्यांचा वर्ग पाहावा. वजनाची स्वतःची चूक काट्याला माफ असलेल्या चुकीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नसावी असा दंडक आहे. वर सांगितलेल्या काट्यासाठी १०० ग्रॅमचे वजन 'एफ दोन' वर्गाचे घेतले तर त्याची चूक जास्तीत जास्त १.६ मिलीग्रॅम, ती चालते. 'एम एक' वर्गाच्या वजनात ५ मिलीग्रॅम चूक असू शकते, ते या कामाला पुरत नाही. वजन बोटांनी धरू नये, चिमट्याने उचलावे, डबीतच ठेवावे आणि पावडरीने घासून चकचकीत तर कधीच करू नये. घासले की धातू झिजतो. काटा तापल्यावर लहान वजन ठेवावे, मग मोठे, मग एकच वजन पारड्याच्या मध्यावर आणि चारही बाजूंना ठेवून पाहावे. मध्यावर बरोबर आणि कडेला चूक आली तर लोडसेल दुखावलेला असतो, बहुधा कोणीतरी बोटाने दाबल्यामुळे किंवा कमाल वजनाहून जड वस्तू आदळल्यामुळे. एकच वजन पाचदा उचलून ठेवावे आणि पाचही आकडे वहीत लिहावेत. तारीख, वजन, आकडा एवढे तीन रकाने पुरतात. महिन्याभराची वही चाळली की काटा एकाच दिशेला सरकत चालला आहे का ते लगेच दिसते.

चूक आढळली तर काय करायचे? येथे आम्हाला थोडे निक्षून सांगायचे आहे. घरगुती किंवा मिश्रणापुरत्या काट्यावर प्रमाणित वजन ठेवून बटणाने कॅलिब्रेशन करायला हरकत नाही. पण ज्या काट्यावर तुम्ही गिऱ्हाईकाला माल देता त्याचे कॅलिब्रेशन स्वतः करू नये. त्याची आतली कळ वैधमापनशास्त्र विभागाच्या मोहरेखाली बंद असते. २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्ती परवानाधारकानेच करायची आणि दुरुस्तीनंतर काटा निरीक्षकाकडून पुन्हा पडताळून मुद्रांकित करून घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक काट्याचे मुद्रांकन दर वर्षी, सुट्या वजनांचे आणि दांडीच्या तराजूचे दर दोन वर्षांनी. प्रमाणपत्र गिऱ्हाईकाला दिसेल असे लावावे. शिक्का वर्षातून एका दिवसाची साक्ष देतो; उरलेल्या दिवसांसाठी वरची वही. बांगडीच्या त्या प्रसंगात शिक्का खरा होता आणि वजन खोटे होते.

नवा काटा दुसऱ्या प्रांतातून आणला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. पृथ्वीचे आकर्षण सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्ताकडे ते कमी, ध्रुवाकडे जास्त. दिल्लीत बरोबर जुळवलेला काटा कल्याणात आणून तसाच वापरला तर १०० ग्रॅमला सुमारे ५० मिलीग्रॅम कमी दाखवतो. काट्यात दोष नाही, जागा बदलली एवढेच. म्हणून काटा जेथे वापरायचा तेथेच जुळवून आणि पडताळून घ्यायचा असतो. दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण नव्हती, कारण दोन्ही पारड्यांवर आकर्षण सारखेच असे.

वजनाची ही काळजी आपल्या पूर्वजांनी किती घेतली होती! इ.स. ११२१ च्या सुमारास मर्व शहरात अल-खाजिनी याने 'मीजानुल हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. हवेतले आणि पाण्यातले वजन ताडून सोन्यातली भेसळ ओळखणारा तराजू त्यात वर्णिला आहे. त्याच्याही आधी, उमय्या काळातल्या मिसरमध्ये नाणी तोलण्यासाठी काचेची वजने वापरत. काच कानसली तर तिच्यावर खूण राहते. बाजारात मुहतसिब फिरत असे आणि वजने तपासणे हे त्याच्या कामांत येई. आजचा वैधमापन निरीक्षक त्याच कामावर आहे. त्याला पाहून शटर खाली ओढणारे आपल्यातही आहेत, हे येथे लिहिणे भाग आहे.

जकातीपुरते दोन शब्द. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, पण हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. बाजारातला आजचा तोळा दहा ग्रॅमचा धरतात. त्या हिशेबाने साडेसात तोळे म्हणजे ७५ ग्रॅम मानून चालणारी घरे आम्ही पाहिली आहेत. चांदीचे साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. घरातले दागिने तोलून घ्यायला न्याल तेव्हा आधी दुकानदाराला प्रमाणित वजन ठेवून दाखवायला सांगावे. चांगला दुकानदार रागावत नाही. खडे, लाख आणि दोरा यांचे वजन वेगळे धरावे, प्रत्येक दागिना स्वतंत्र तोलावा, आणि वजनाच्या चिठ्ठीवर तारीख घालून ती घरच्या कागदपत्रांत ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल.